बोरूपासून दाखल्यापर्यंत

‘उमेदवार’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की, त्याच्या पोटात काय दडले आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. निवडणूक आली की गल्लोगल्ली उमेदवार दिसतात. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ‘इच्छुक उमेदवारांनी अर्ज करावेत’ असे छापलेले असते. कारखान्याच्या फाटकाशी ‘शिकाऊ उमेदवार’ उभा असतो. फार्सीत उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला माणूस. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला आपल्या व्यवहारातला एक खास अर्थ दिला. कचेरीत विनावेतन राबायचे, काम शिकायचे आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहायची, असे करणारा तरुण तो उमेदवार. आणि त्याने काढलेले दिवस म्हणजे उमेदवारी. ‘त्याने चार वर्षे उमेदवारी केली’ असे आपले आजोबा म्हणत, तेव्हा निवडणुकीचा विचार त्यांच्या मनात मुळीच नसे.

जागा एक आणि इच्छुक शंभर. या शंभरांतून आपल्याच मुलाला किंवा मुलीला कोण निवडणार, आणि कशावरून? सीमाभागातल्या मराठी घरांत हा प्रश्न फराळाच्या ताटावरही निघतो. त्याला आणखी एक शेपूट असते, ‘आणि कोणत्या भाषेच्या जोरावर?’ हे संकट आपल्याच पिढीवर आले असे प्रत्येक पिढीला वाटते. गेली अनेक वर्षे जुनी दप्तरे चाळताना मला मात्र दिसत गेले की, हा प्रश्न निदान तीन-साडेतीनशे वर्षे आपल्या सोबत आहे. बदलत गेली ती फक्त निवडीची कसोटी. त्या बदलत्या कसोटीचा हा थोडा मागोवा.

अक्षर हेच भांडवल

मराठेशाहीत लेखणीवर पोट भरणाऱ्या माणसाची पहिली परीक्षा अक्षराची. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे कसे असावे, ओळी नीट कशा लागाव्यात, कागद, शाई व लेखणी कशी राखावी, हे परमार्थाच्या ग्रंथात इतक्या बारकाईने सांगावेसे वाटले, यावरूनच त्या काळी अक्षराची किंमत काय होती ते कळते. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका तर आपण शाळेतच ऐकलेली असते. पत्र लिहून झालेले नव्हते, महाराजांनी ते वाचायला सांगितले, आणि बाळाजींनी कोरा कागद हाती धरून संपूर्ण मजकूर न अडखळता म्हणून दाखवला. आख्यायिका ती आख्यायिकाच; पण लोकांनी ती इतकी जपली याचे कारण चांगल्या कारकुनाची लक्षणे तीत एकत्र आली आहेत: मजकूर डोक्यात तयार असणे, धन्याच्या मनात काय आहे ते ओळखणे, आणि प्रसंगी न डगमगणे.

हे अक्षर म्हणजे मुख्यतः मोडी. बोरूच्या टोकाला तिरपा छेद द्यायचा, काजळाची शाई घोटायची, ओल्या अक्षरांवर वाळू टाकायची आणि हात न उचलता ओळ ओढत न्यायची. मोडीतही घराणी होती. चिटणिसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणांची नावे आजही अभ्यासकांना ठाऊक आहेत. अमुक वळण म्हणजे अमुक फडावर शिकलेला, हे जाणकाराला अक्षर पाहूनच कळे. आजच्या भाषेत बोलायचे तर माणसाचा दाखला त्याच्या अक्षरातच असे. वेगळा कागद जोडावा लागत नसे.

अक्षराच्या जोडीला हिशेब. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवून झाली की, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे पाढे मुलांकडून घोकून घेत. साडेतीनाच्या पटीचा पाढा कशाला, असे आज वाटेल. पण शेरा-पायलीच्या आणि बिघा-पांडाच्या व्यवहारात अपूर्णांक पावलोपावली भेटत, आणि ज्याला ते तोंडी येत त्याची मान ताठ राही. शिवाय कागदाची रीत होती. कोणाला कोणता मायना, तारीख कशी घालायची, शेवटी ‘लेखनसीमा’ कोठे यायची, हे सारे ठरलेले असे. कारकुनांनी काय करावे आणि कागद कसे ठेवावेत हे सांगणाऱ्या ‘मेस्तक’ नावाच्या पुस्तिकाही लिहिल्या जात. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

ही लेखणी घेऊनच मराठी माणूस दूरवर गेला. होळकरांबरोबर इंदूरला, शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरला, गायकवाडांबरोबर बडोद्याला जी घराणी गेली, त्यांत तलवारीचे धनी होते तसेच दप्तराचेही होते. आज त्या शहरांत ज्यांची सहावी-सातवी पिढी नांदते आहे, त्यांतल्या अनेकांचा मूळ पुरुष हा असाच कोणी उमेदवार होता. घरात चार भाऊ आणि शेत एका बैलजोडीचे. मग एकाने बोरू उचलून उत्तरेची वाट धरायची.

बिनपगारी दिवस आणि वशिला

१८१८ साली पेशवाई गेली, कंपनी सरकार आले. धनी बदलला तरी कचेरीला कारकून लागतच होता. बेळगाव हा धारवाडातून वेगळा काढलेला जिल्हा १८३६ मधला. मामलेदार कचेरी, कलेक्टर कचेरी, मुन्सफाची कोर्टे उभी राहिली आणि त्यांच्या ओसरीवर उमेदवारांची रांग लागली. पगार नाही, नेमणुकीचा कागद नाही. सकाळी यायचे, जुन्या कारकुनाच्या हाताखाली नकला करायच्या, दप्तर बांधायचे-सोडायचे, आणि कोणी रजेवर गेला तर तेवढ्यापुरते त्याच्या जागी बसायचे.

आमच्या घरी पणजोबांची एक वही आहे. कचेरीत ते बिनपगारी होते त्या दिवसांतली. पानेच्या पाने एकाच अर्जाचा मायना गिरवलेला आहे. पहिल्या पानावरचे अक्षर कोवळे, शेवटच्या पानावरचे असे की, ते छापील आहे की काय असा भास व्हावा. वहीच्या मागच्या बाजूला मात्र वेगळाच मजकूर आहे: जेवण कोणाकडे कोणत्या वारी, याची यादी. वार लावून जेवत माणसे उमेदवारी करीत, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपल्याच घरच्या वहीत पाहणे वेगळे. त्या यादीत एका वारापुढे जागा कोरी आहे. त्या दिवशी ते काय करीत असतील, हे सांगणारे आता कोणी उरले नाही.

अशा रांगेतून वर यायचे कसे? एक मार्ग कामाचा. साहेबाला हवा तो कागद ज्याला चटकन सापडतो, त्याचे नाव साहेबाच्या तोंडी राहते. दुसरा मार्ग वशिल्याचा. मामाची ओळख, गुरुजींची चिठ्ठी, जातीचा शिरस्तेदार. वशिला हा शब्द आपण नाक मुरडून उच्चारतो, पण त्या व्यवस्थेत तो निव्वळ लबाडी नव्हता. सरकारी रोकड आणि रयतेचे कागद ज्याच्या हाती द्यायचे, त्याची हमी कोणी तरी घ्यायला हवी होती. दोष होता तो पुढचा. ज्यांच्या नात्यागोत्यात एकही कारकून नाही, त्यांच्यासाठी हमी घेणार कोण? तो मुलगा कितीही हुशार असो, ओसरीपर्यंतही पोचत नसे.

परीक्षा आली

वशिल्यावरचा उतारा म्हणून परीक्षा आली, आणि ती आधी वरून आली. कंपनीच्या डायरेक्टरांनी आपापल्या गोतावळ्यातली मुले हिंदुस्थानात अधिकारी म्हणून धाडायची, ही रीत १८५३ च्या सनदी कायद्याने मोडली. १८५५ साली लंडनमध्ये पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. परीक्षा खुली खरी, पण ती लंडनमध्ये. आणि १८७८ पासून वयाची कमाल मर्यादा एकोणीस वर्षांवर आणली गेली. दार उघडे ठेवायचे आणि उंबरठा उंच करायचा, ही युक्ती जुनीच आहे. तरीही १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले. त्यांची नोकरी आपल्याच मुंबई इलाख्यात झाली. ते कारवारला न्यायाधीश असताना धाकटे बंधू रवींद्रनाथ तेथे येऊन राहिले होते, हे कारवारकर अजून अभिमानाने सांगतात.

या परीक्षेच्या दोन मराठी-संबंधित कहाण्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिली अरविंद घोषांची. लेखी परीक्षेत ते उत्तम उतरले, पण घोडेस्वारीच्या चाचणीत बसले नाहीत आणि सनदी नोकरी हुकली. १८९३ साली ते बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले, तेथे मराठी आणि गुजराती शिकले आणि १९०६ पर्यंत राहिले. दुसरी चिंतामणराव देशमुखांची. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिले आले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. एकाला कसोटीने नाकारले, दुसऱ्याला डोक्यावर घेतले. दोघांच्या योग्यतेविषयी कसोटीने आपल्याला किती सांगितले, याचा विचार ज्याने त्याने करावा.

खालच्या पातळीवरही परीक्षा आली. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पण सामान्य घरांना बी.ए.पेक्षा जवळची होती ती मुलकी परीक्षा, पुढची व्हर्नाक्युलर फायनल. ‘व्ह. फा. पास’ ही तीन अक्षरे कित्येक जुन्या मास्तरांच्या आणि तलाठ्यांच्या नावापुढे दिसतात. छापील दाखल्याने एक मोठी गोष्ट केली: ज्याच्यासाठी चिठ्ठी देणारा कोणी नाही, त्यालाही हातात धरायला एक कागद दिला. पण थोड्याच वर्षांत तोच कागद सर्वांच्या हाती आला, आणि ज्याच्यामुळे माणूस उठून दिसत होता त्याच्यामुळेच तो गर्दीत मिसळू लागला. मॅट्रिक सर्वत्र झाले तेव्हा बी.ए. मागू लागले, बी.ए. झाले तेव्हा त्यातला वर्ग विचारू लागले. हे चक्र तेव्हा सुरू झाले ते आजही थांबलेले नाही.

दार कोणासाठी?

अक्षर आणि दाखला यांचा गौरव करताना एक गोष्ट विसरता येत नाही. बोरू सर्वांच्या हाती नव्हता. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या घरातली निरक्षरता आणि गावच्या लेखणीची मक्तेदारी यांचा संबंध रोखठोक दाखवून दिला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, आणि त्या शिक्षणात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे म्हटले. मोडीचा उल्लेख लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या लिपीत गावचे कागद लिहिले जातात ती कुणब्याच्या मुलाला आली की, त्याला कोणी फसवू शकणार नाही आणि कचेरीची ओसरीही चढता येईल, असा त्या मागणीचा अर्थ मला दिसतो.

आपल्या शेजारच्या कोल्हापुरात १८९४ साली शाहू महाराज गादीवर बसले तेव्हा दरबारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, आणि सुमारे ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर अवघे १०. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जागा राखली तरी ती भरायला शिकलेला उमेदवार हवा, म्हणून वसतिगृहे काढली. १९१८ साली वतनी कुलकर्णीपण रद्द करून पगारी तलाठी नेमले. वडिलांच्या मागून मुलाकडे आपोआप येणारी लेखणी त्या दिवशी नोकरी झाली, आणि नोकरी म्हटली की तिला उमेदवार आले. निपाणी-चिकोडीकडच्या किती घरांतली पहिली मुले कोल्हापूरच्या बोर्डिंगांत राहून शिकली, हे त्या घरांना विचारावे.

आणि बडोदे. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन ज्या तरुणाला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवले, ते भीमराव आंबेडकर १९१७ साली करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्या काळात इतका शिकलेला उमेदवार संस्थानात दुसरा शोधूनही सापडला नसता. पण शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकत. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नावाने एका पारशी विश्रामगृहात राहावे लागले, आणि काही दिवसांत लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. ‘गुण असले की चीज होतेच’ असे आपण मुलांना सांगतो, तेव्हा बडोद्याची ही गोष्टही सांगितली पाहिजे. उठून दिसणे उमेदवाराच्या हाती असते; बसायला जागा देणे समाजाच्या हाती असते.

कचेरी तीच, भाषा दुसरी

आता आपल्या दुखऱ्या जागेकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे मुंबई राज्यातले जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. चंदगड तालुका तेवढा महाराष्ट्राच्या बाजूला राहिला. त्या दिवसापर्यंत मराठी कागदावर शेरे मारणाऱ्या कारकुनापुढे हळूहळू कन्नड कागद येऊ लागले. पुढची राजकीय हकीकत येथे सांगत नाही. महाजन आयोग, चळवळी, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे वाचकांना माझ्यापेक्षा अधिक पाठ आहे. मला बोलायचे आहे ते उमेदवाराविषयी.

आपण सहसा आठवत नाही अशी एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उलटी स्थिती होती. कर्नाटकाच्या या पट्ट्यात कचेरीत आणि शाळेत मराठीचा वरचष्मा होता. कन्नड घरातल्या मुलाला सरकारी नोकरी हवी तर त्याला मराठी आणि मोडी शिकणे भाग होते. डेप्युटी चन्नबसप्पांनी कन्नड शाळांसाठी आयुष्य वेचले ते याच पार्श्वभूमीवर, आणि १८९० साली रा. ह. देशपांडे यांनी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापला तोही याच व्यथेतून. म्हणजे परक्या लिपीत अर्ज लिहिताना होणारा त्रास या मातीतल्या दोन्ही भाषांनी पाळीपाळीने सोसला आहे. हे कळले की आपली तक्रार लहान होत नाही; शेजाऱ्याकडे पाहण्याची नजर मात्र बदलते.

कसोटीची भाषा बदलण्याचा अनुभव इतरत्रही आला. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फार्सीच्या जागी उर्दू राजभाषा झाली, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाने सुरू झाले, आणि मराठवाड्यातला उमेदवार उजवीकडून डावीकडे लिहू लागला. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी याच व्यवस्थेतून वर आले. उर्दू-फार्सीवर त्यांनी प्रभुत्व मिळवलेच; शिवाय नोकरीच्या निमित्ताने आदिवासी भागात गेले तेव्हा गोंडी आणि कोलामी शिकून त्यांवर लिहिले. पुढे हेच फार्सी मराठ्यांच्या इतिहासाच्या कामी आले. गोव्यात पणजीच्या लिसेवची, म्हणजे १८५४ पासूनच्या पोर्तुगीज माध्यमिक शाळेची पायरी चढल्याखेरीज सरकारी खुर्ची दिसत नसे. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना त्या नोकऱ्या मोकळ्या झाल्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ‘सिगुंद ग्राव’चा दाखला पाहता पाहता जुना झाला, मुंबई-बेळगावकडे मॅट्रिक झालेल्यांना भाव आला. एका रात्रीत कसोटी फिरते ती अशी. ग्वाल्हेर-इंदूर १९४८ साली मध्य भारतात गेले आणि तेथल्या मराठी घरांनी हिंदीत आपली कामगिरी दाखवली. बडोद्यात तर सयाजीरावांनी १९३१ साली राज्यकारभारातल्या शब्दांचा ‘सयाजीशासनकल्पतरू’ हा आठ भाषांचा कोशच करवून घेतला. कारभाराचा शब्द एका भाषेत अडकून पडू नये, हे त्या राजाला उमगले होते.

आणि आपले धारवाडचे द. रा. बेंद्रे? घरची भाषा मराठी. कन्नडमधले श्रेष्ठ कवी ते झाले, १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. आणि कॉलेजात कन्नड शिकवायची नोकरी केली ती सोलापुरात, मराठी मुलखात! मराठी घरचा माणूस सोलापुरात कन्नड शिकवतो, हे चित्र ज्याला विचित्र वाटत नाही तो खरा सीमाभागातला.

हक्काचीही बाजू आहे आणि ती उमेदवाराला ठाऊक हवी. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितली आहे. १९५६ चे केंद्र सरकारचे निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून एक तत्त्व ठरले: राज्याच्या नोकरीत घेताना राज्यभाषेच्या ज्ञानाची अट आधीच घालू नये, निवड झाल्यावर, उमेदवारीचा काळ संपण्यापूर्वी तिची चाचणी घ्यावी. तत्त्व कागदावर स्वच्छ आहे. व्यवहारात राज्यसेवेच्या परीक्षेत कन्नडचा सक्तीचा पेपर समोर येतोच. हक्कासाठी भांडत असतानाही त्या पेपराची तयारी थांबवता येत नाही, हे आपल्या मुलांना प्रेमाने सांगणारे वडीलधारे हवेत.

टकटक आणि त्यानंतर

स्वातंत्र्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांचा आवाज कोणता असे मला विचारले, तर मी टाइपरायटरचा सांगेन. बोळात, वरच्या मजल्यावर, एका खोलीत दहा यंत्रे आणि संध्याकाळी पाळीपाळीने बसणारी मुलेमुली. डोळे कागदावर, बोटे ‘ए, एस, डी, एफ’वर. तीसचा वेग, चाळीसचा वेग. शॉर्टहँड असेल तर सोन्याहून पिवळे. १९५५ साली गोदरेजने भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि यंत्र गावोगाव पोचले. याच यंत्राने अनेक मुलींना कचेरीत खुर्ची दिली. शाळा-मास्तरकीचा रस्ता त्यांच्यासाठी आधी थोडा उघडला होता; बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवणाऱ्या इंदिरा संतांच्या हाताखालून किती शिक्षिका तयार झाल्या असतील! टायपिंगने दुसरा रस्ता दिला. बोटांचा वेग जात पाहत नाही आणि मुलगा-मुलगीही पाहत नाही.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज १९४५ साली युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी सुरू झाले; १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा तेथे कळवणे बंधनकारक झाले. त्या कार्डाचे नूतनीकरण चुकू नये म्हणून घरातल्या कॅलेंडरवर लाल खूण असे. पुढे संगणक आला, टाइपरायटर भंगारात गेला, नव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या शेवटास गोदरेजनेही त्याचे उत्पादन बंद केले, आणि अर्ज कागदावरून पडद्यावर गेले. मात्र चाळीसचा वेग असलेली बोटे संगणकावरही चालली. कसोटी बदलली तरी जे हातात मुरलेले असते ते वाया जात नाही, याचे इतके साधे उदाहरण दुसरे नाही.

एका संस्थेच्या निवड समितीवर मी काही वर्षे बसलो. संस्था दोन्ही भाषांतली माणसे जिची खातेदार आहेत अशी. अर्ज ढिगाने येत. टक्के सारखे, दाखले सारखे, अर्जाचा मजकूरही एकाच दुकानात टाइप करून घेतल्यासारखा. मग आम्ही एक साधी रीत पाडली. उमेदवारापुढे खातेदाराचे एक कन्नड तक्रारपत्र ठेवायचे आणि त्याचा सारांश मराठीत पाच ओळींत लिहायला सांगायचा. कन्नड घरच्या उमेदवाराला याच्या उलट. शंभरातली नव्वद मुले अडखळत, मराठीही आणि कन्नडही. इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे दोन्ही भाषा बोलायला येतात, लिहायला एकही येत नाही, अशी त्यांची कोंडी. जी दहा लिहीत, त्यांच्याकडे आम्ही मान वर करून पाहत असू. त्यांतली बहुतेक खेड्यातली असत, साध्या सरकारी शाळेतली. एका मुलीने पाच ओळींचा सारांश लिहिला आणि खाली सहावी ओळ घातली: खातेदाराचे म्हणणे खरे दिसते, पासबुक तपासावे. त्या मुलीला दुसरे काही विचारायची गरजच उरली नाही. बाळाजी आवजींच्या काळातही तिला जागा मिळाली असती.

काय टिकते

इतका इतिहास पाहिल्यावर मला दोन गोष्टी ठळक दिसतात. पहिली अशी की, कसोटी कायमची कोणतीच नाही. फार्सी गेली, मोडी गेली, पोर्तुगीज गेली, व्ह. फा. गेली, तीसचा वेग गेला. जो एकाच दाखल्यावर विसंबून राहिला तो पुढच्या वळणावर मागे पडला. दुसरी अशी की, या सर्व कसोट्यांखाली एक जुनी कसोटी सतत चालू होती. कागद समजून घेणे, तो दुसऱ्याला समजेल असा लिहिणे, हिशेब चोख ठेवणे आणि विश्वासाला पात्र असणे. हे ज्याच्याकडे होते तो नवी लिपी शिकून पुढे सरकला.

सीमाभागातल्या मराठी घराला यात एक जादा भांडवल आहे, आणि आपण ते ओझे म्हणून वाहतो. अंगणात मराठी, बाजारात कन्नड, देवळात दोन्ही. पुण्या-बेंगळुरूच्या मुलाला जे पैसे मोजून शिकावे लागेल ते आपल्या मुलाच्या कानावर फुकट पडते. कानावर पडलेले हातात उतरवायला तेवढे श्रम करावे लागतात. मराठी वाचन-लेखन पक्के असलेला मुलगा कन्नडही लवकर उचलतो, कारण भाषा जपण्याची सवय त्याला घरातच लागलेली असते. मराठी सोडून कन्नड, किंवा कन्नडला पाठ फिरवून मराठी, असा सौदा आपल्या पूर्वजांनी केला नव्हता. पणजोबांच्या त्या वहीत मोडी मायन्यांच्या मधूनमधून कन्नड आकडे आणि कन्नड गावांची नावे त्याच वळणदार हाताने लिहिलेली आहेत. त्यांना त्यात काही विशेष वाटले नसावे. गावे तीच होती, रयत तीच होती.

या दिवाळीत घरातल्या मुलांना फराळानंतर एक काम सांगून पाहा. दुकानातली एखादी कन्नड पावती घ्यायची आणि आजीला समजेल अशा मराठीत ती कशाची आहे ते लिहून दाखवायचे. अक्षर वळणदार हवे, बेरीज बरोबर हवी. पाच मिनिटांचे काम आहे. जागा निघेल तेव्हा निघेल. हाताला वळण आजपासून लावता येते.